शिक्षक घडतात, पण टिकत नाहीत! छोट्या बेट-राष्ट्रांमधला शिक्षणाचा प्रश्न नेमका काय आहे?

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये जगापुढे १७ शाश्वत विकास उद्दिष्टे ठेवली. त्यातले चौथे उद्दिष्ट शिक्षणाचे आहे. या उद्दिष्टाच्या शेवटी दोन पोटकलमे आहेत. ‘४.बी’ सांगते, की विकसनशील देशांतल्या तरुणांना बाहेर जाऊन उच्च शिक्षण घेता यावे म्हणून शिष्यवृत्त्या वाढवा. ‘४.सी’ सांगते, की २०३० पर्यंत विकसनशील देशांत पात्र शिक्षकांची संख्या भरीव वाढवा. दोन्ही कलमांत छोट्या बेट-राष्ट्रांचा वेगळा उल्लेख आहे.

कागदावर दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण जेमतेम लाखभर लोकवस्तीच्या देशात त्या एकमेकींच्या आड येऊ शकतात. शिष्यवृत्तीवर बाहेर गेलेली हुशार मुलगी शिक्षिका म्हणून परतली नाही, तर तिच्या बेटावर गणित शिकवायला दुसरे कोणी असेलच असे नाही. परतली, चांगली शिक्षिका झाली, तर तिला बोलावणारे देश तयारच असतात. तिथे पगार कितीतरी जास्त असतो.

या देशांमधल्या शिक्षणाच्या दर्जाचा प्रश्न समजून घ्यायचा, तर शिक्षक येतात कुठून आणि जातात कुठे, हे आधी पाहावे लागते.

छोटी बेट-राष्ट्रे म्हणजे नेमके कोणते देश?

‘स्मॉल आयलंड डेव्हलपिंग स्टेट्स’ म्हणजेच ‘सिड्स’ या गटाला १९९२ च्या रिओ वसुंधरा परिषदेत वेगळी ओळख मिळाली. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत आज असे ३९ देश आहेत. शिवाय स्वतंत्र देश नसलेले १८ प्रदेशही या गटाशी जोडलेले आहेत. या देशांची मिळून लोकसंख्या सुमारे साडेसहा कोटी, म्हणजे जगाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे.

हे देश तीन भागांत विखुरलेले आहेत. कॅरिबियन भागात जमैका, बार्बाडोस, अँटिग्वा, ग्रेनाडा आहेत. पॅसिफिक महासागरात फिजी, सामोआ, टोंगा, किरिबाती, तुवालू आहेत. उरलेले अटलांटिक, हिंदी महासागर आणि दक्षिण चीन समुद्रात आहेत. त्यात मालदीव, मॉरिशस, सेशेल्स, केप व्हर्ड येतात.

यादीत थोडी गंमतही आहे. सिंगापूरसारखा श्रीमंत देश त्यात आहे. गयाना, सुरीनाम, बेलीझ हे बेट नसलेले देशही त्यात आहेत. सुमारे एक कोटी लोकसंख्येचा क्युबा आहे आणि सुमारे ११ हजार लोकसंख्येचा तुवालूही आहे. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढा देश, पण त्याला स्वतःचे शिक्षण खाते, स्वतःचा अभ्यासक्रम आणि स्वतःचे शिक्षक लागतात.

मोठ्या देशांपेक्षा इथला प्रश्न वेगळा का?

शिक्षकांची टंचाई सगळ्या जगात आहे. युनेस्कोच्या २०२४ च्या अहवालानुसार २०३० पर्यंत जगाला प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसाठी आणखी ४ कोटी ४० लाख शिक्षक लागणार आहेत. पण मोठ्या देशात एक शिक्षक गेला तर बदलीने किंवा नव्या भरतीने दुसरा मिळण्याची शक्यता असते. बेटांवर ही सोय फार कमी असते.

किरिबातीचे उदाहरण घ्या. या देशात ३३ बेटे आहेत. सगळी जमीन मिळून जेमतेम ८११ चौरस किलोमीटर. पण ही बेटे सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर समुद्रात पसरलेली आहेत, म्हणजे भारताच्या क्षेत्रफळाहूनही मोठ्या भागात. राजधानी तारावा आणि त्याच देशाचे किरितिमाती बेट यांच्यात तीन हजार किलोमीटरहून अधिक अंतर आहे. काश्मीर ते कन्याकुमारी एवढाच हा पल्ला, पण मधे सगळे पाणी. अशा ठिकाणी शाळा तपासायला अधिकारी जाणे, पुस्तके पोहोचणे, शिक्षकाला प्रशिक्षणासाठी बोलावणे, हे सगळे बोटीच्या आणि विमानाच्या वेळापत्रकावर चालते.

आकडेवारीतही एक गफलत होते. यातल्या काही देशांत एका शिक्षकामागे विद्यार्थी खूप कमी दिसतात. वरवर पाहता ही चांगली गोष्ट वाटते. प्रत्यक्षात त्याचे कारण शाळा लहान असणे हे आहे. समजा, एका बेटावरच्या शाळेत सहा इयत्ता मिळून ४० मुले आहेत आणि चार शिक्षक आहेत. म्हणजे दहा मुलांमागे एक शिक्षक. तरीही त्यातल्या काहींना दोन-दोन इयत्ता एकाच वर्गात सांभाळाव्या लागू शकतात. माध्यमिक शाळेत तर पेच आणखी वाढतो. रसायनशास्त्र घेणारी मुले पाच असली, तरी रसायनशास्त्र येणारा एक शिक्षक लागतोच. तो सोडून गेला, की त्या बेटावरून तो विषयच जातो.

म्हणून लांबच्या बेटांवरची अनेक मुले माध्यमिक शिक्षणासाठी घर सोडतात. तुवालूची सरकारी माध्यमिक शाळा, मोतुफोआ, वैतुपू बेटावर आहे आणि ती निवासी आहे. इतर बेटांवरची मुले तिथे बोटीने जातात आणि वसतिगृहात राहतात.

शिक्षक जातात कुठे? जमैकाचा अनुभव काय सांगतो?

जमैकात शिक्षक घडवण्याची परंपरा जुनी आहे. किंग्स्टनमधले मायको महाविद्यालय १८३० च्या दशकातले आहे. त्याच्या पैशाची गोष्टही वेगळी आहे. सतराव्या शतकात लेडी मायको या इंग्लिश विधवेने उत्तर आफ्रिकेच्या चाच्यांच्या ताब्यातल्या ख्रिस्ती कैद्यांना सोडवण्यासाठी पैसे ठेवले होते. पुढे ते तसेच पडून राहिले. ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी संपली, तेव्हा मुक्त झालेल्यांच्या शिक्षणासाठी हा निधी वापरला गेला आणि त्यातून शिक्षक प्रशिक्षणाची संस्था उभी राहिली. आज ती मायको विद्यापीठ महाविद्यालय म्हणून ओळखली जाते.

एवढी जुनी परंपरा असूनही, किंवा कदाचित त्यामुळेच, जमैकाचे शिक्षक बाहेरच्या देशांना हवे असतात. ते प्रशिक्षित असतात, इंग्रजीत शिकवतात आणि ब्रिटिश वळणाच्या शाळा त्यांना परिचयाच्या असतात. २००१ च्या सुमारास न्यूयॉर्क शहराच्या शाळांनी कॅरिबियनमधून शेकडो शिक्षक भरती केले. त्यातले बरेच जमैकाचे होते. त्याच काळात ब्रिटनमधल्या भरती संस्थाही किंग्स्टनमध्ये मुलाखती घेत होत्या. न्यूयॉर्कसारख्या शहराला काही शे शिक्षक म्हणजे फार मोठी संख्या नाही. तीसेक लाखांच्या आतल्या देशाला मात्र हा मोठा फटका होता, कारण जाणाऱ्यांत गणित, विज्ञान आणि विशेष मुलांना शिकवणारे अनुभवी शिक्षक होते.

ही वाट नंतरही बंद झाली नाही. अमेरिकेचा ‘जे-१’ हा सांस्कृतिक देवाणघेवाणीचा व्हिसा घेऊन जमैकाचे शिक्षक आजही जातात. २०२२ मध्येही शाळा सुरू होण्याच्या तोंडावर झालेल्या राजीनाम्यांनी तिथले शिक्षण खाते अडचणीत आले होते.

जाणाऱ्या शिक्षकांना दोष देणेही सोपे नाही. घरकर्ज, मुलांचे शिक्षण, म्हातारे आई-वडील हे सगळे त्यांच्याही मागे असते. बाहेरून घरी येणारा पैसा ही अनेक बेट-राष्ट्रांच्या अर्थव्यवस्थेची मोठी टेकू असते. म्हणजे शिक्षिका गेल्याने शाळेचे नुकसान होते आणि तिच्या पाठवलेल्या पैशातून तिच्या भाच्याची फी भरली जाते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

पॅसिफिकमध्ये चित्र वेगळ्या कारणांनी असेच आहे. फिजीत १९८७ मध्ये लष्करी उठाव झाले, त्यानंतर भारतीय वंशाचे हजारो लोक देश सोडून गेले. त्यात शिक्षकांची संख्या लक्षणीय होती. नियुए आणि कुक आयलंड्सच्या लोकांना न्यूझीलंडचे नागरिकत्व आहे, त्यामुळे जाण्यासाठी व्हिसाही लागत नाही. नियुएमध्ये आज दोन हजारांहून कमी लोक राहतात. त्यांच्या कितीतरी पट नियुएवासी न्यूझीलंडमध्ये आहेत. ऑस्ट्रेलिया आणि तुवालू यांच्यातला ‘फालेपिली’ करार २०२४ मध्ये लागू झाला. त्यानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात कायमचे राहण्याची मुभा मिळते. समुद्राची पातळी वाढत असताना लोकांसाठी हा मोठा आधार आहे. पण ११ हजारांच्या देशातून दरवर्षी २८० जण गेले आणि त्यात काही शिक्षक असले, तर त्यांच्या जागा कोण भरणार, हा प्रश्न उरतोच.

भरतीवर काही नियम आहेत का?

आहेत, पण बंधनकारक नाहीत. जमैकासारख्या देशांच्या तक्रारींनंतर कॅरिबियन देशांच्या शिक्षणमंत्र्यांनी २००२ मध्ये बार्बाडोस इथे हा विषय राष्ट्रकुलापुढे मांडला. त्यातून १ सप्टेंबर २००४ रोजी इंग्लंडमधल्या स्टोक रोशफोर्ड इथे ‘राष्ट्रकुल शिक्षक भरती संहिता’ मंजूर झाली. शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय भरतीबाबतचा हा सुरुवातीचा महत्त्वाचा दस्तावेज मानला जातो.

ही संहिता दोन बाजूंचा तोल साधते. शिक्षकाला दुसऱ्या देशात काम करण्याचा हक्क आहे, हे ती मान्य करते. त्याच वेळी ज्या देशातून शिक्षक जातो, त्या देशाची शिक्षण व्यवस्था कोलमडू नये, अशीही तिची अपेक्षा आहे. शाळेचे वर्ष सुरू असताना मधेच शिक्षक उचलू नयेत. भरती होत असल्याची माहिती त्या देशाला मिळावी. बाहेर गेलेल्या शिक्षकाला तिथल्या शिक्षकांसारखेच हक्क आणि वागणूक मिळावी. शिक्षक नेणाऱ्या देशाने मोबदल्यात काही साहाय्य करता येईल का, याचा विचार करावा.

अडचण दोन ठिकाणी येते. एक तर ही संहिता म्हणजे कायदा नाही, त्यामुळे ती मोडली तर शिक्षा नाही. दुसरे, ती राष्ट्रकुलातल्या देशांपुरती आहे. अमेरिका राष्ट्रकुलात नाही आणि कॅरिबियन शिक्षकांना सर्वाधिक ओढ अमेरिकेचीच आहे.

मग बाहेरून शिक्षक आणले तर?

मालदीवने अनेक दशके हेच केले. या देशात सुमारे १,२०० बेटे आहेत आणि त्यातल्या दोनशेच्या आत बेटांवर वस्ती आहे. साठच्या दशकात राजधानी मालेमध्ये इंग्रजी माध्यमाच्या शाळा सुरू झाल्या. तिथल्या मुलांची शालान्त परीक्षा केंब्रिजची. पण इंग्रजीत गणित-विज्ञान शिकवू शकणारे स्थानिक शिक्षक पुरेसे नव्हते. ती जागा श्रीलंका आणि भारतातून आलेल्या शिक्षकांनी भरली. केरळ आणि तमिळनाडूतले अनेक शिक्षक लहान-लहान बेटांवर राहून शिकवत आले आहेत.

त्यांच्यामुळे मालदीवच्या शाळा चालल्या, हे खरेच. पण करार संपला की शिक्षक परततो, नवा येतो, आणि मुलांना पुन्हा नव्या शिक्षकाशी जुळवून घ्यावे लागते. शिक्षकाला मुलांची दिवेही भाषा येत नाही. मुलांचे इंग्रजी कच्चे असते. वर्गात एखादी गोष्ट कळली नाही, तर ती समजावून सांगायला दोघांमध्ये सामाईक भाषाच नसते.

मालदीवने यावर काम केले आहे. १९८४ मध्ये तिथे शिक्षक प्रशिक्षणाची वेगळी संस्था सुरू झाली. पुढे ती २०११ मध्ये स्थापन झालेल्या मालदीव राष्ट्रीय विद्यापीठाचा भाग झाली. २००४ च्या त्सुनामीनंतर युनिसेफच्या मदतीने देशभरातल्या २० प्रवाळद्वीप-समूहांत शिक्षकांसाठी केंद्रे उभारली गेली. इंटरनेटने जोडलेल्या या केंद्रांमुळे प्रशिक्षणासाठी प्रत्येक वेळी मालेला जाण्याची गरज कमी झाली. प्राथमिक शाळांत आता स्थानिक शिक्षकांचे प्रमाण बरेच वाढले आहे. वरच्या वर्गांत परदेशी शिक्षकांची गरज अजून संपलेली नाही.

बाहेरच्या शिक्षकांवर पूर्णपणे अवलंबून राहिले तर काय होऊ शकते, हे पूर्व तिमोरने पाहिले. इंडोनेशियाच्या ताब्यात असताना तिथल्या माध्यमिक शाळांत बहुतेक शिक्षक इंडोनेशियन होते. १९९९ मध्ये लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. त्यानंतरच्या हिंसाचारात बहुतांश शाळांच्या इमारती जळाल्या किंवा मोडल्या आणि इंडोनेशियन शिक्षक निघून गेले. नव्या देशाला माध्यमिक शिक्षणाची सुरुवात जवळपास शून्यापासून करावी लागली.

शिकवायचे कोणत्या भाषेत?

शिक्षक असला, तरी तो मुलांच्या भाषेत बोलतो का, यावर दर्जा अवलंबून असतो. पूर्व तिमोरने तेतुम आणि पोर्तुगीज या अधिकृत भाषा ठरवल्या. पण इंडोनेशियन भाषेतून शिकलेल्या पिढीतल्या अनेक शिक्षकांना पोर्तुगीज नीट येत नव्हती. म्हणजे शिकवण्याआधी शिक्षकांनाच भाषा शिकावी लागली.

सेशेल्सने १९८२ मध्ये वेगळा मार्ग घेतला. घराघरांत बोलली जाणारी क्रिओल भाषा तिथे प्राथमिक शिक्षणाचे सुरुवातीचे माध्यम झाली. मुले आधी आपल्या भाषेत वाचायला शिकतात, मग इंग्रजीकडे वळतात. किरिबातीतही सुरुवातीच्या इयत्तांत स्थानिक भाषा आणि पुढे हळूहळू इंग्रजी, अशी रचना आहे.

मॉरिशसचा पेच मराठी वाचकाला जवळचा वाटेल. तिथे शाळेचे अधिकृत माध्यम इंग्रजी, वृत्तपत्रे प्रामुख्याने फ्रेंच आणि घरात बोलली जाते ती क्रिओल. त्याशिवाय मुलांना पूर्वजांची एक भाषा ऐच्छिक विषय म्हणून घेता येते. हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू यांच्यासोबत त्यात मराठीही आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्या कुटुंबांचे वंशज ती शिकतात. २०१२ पासून क्रिओलही प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय झाली.

इथे शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. मराठीचे शिक्षक मॉरिशस दरवर्षी महाराष्ट्रातून मागवत नाही. १९७० मध्ये भारताच्या सहकार्याने स्थापन झालेल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत भारतीय भाषांचे अध्यापन होते आणि शिक्षकही घडवले जातात. हे शिक्षक स्वतः क्रिओल बोलत मोठे झालेले असतात. वर्गातल्या मुलाला मराठी ही घरची भाषा म्हणून नव्हे तर नवी भाषा म्हणून शिकावी लागते, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

वादळानंतर शाळेचे काय होते?

बेटांवर चक्रीवादळ हा शिक्षणाचाही विषय आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘विन्स्टन’ वादळाने फिजीत पाचशेच्या आसपास शाळांचे नुकसान केले. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘इर्मा’ वादळानंतर बार्बुडा बेटावरची सगळी, म्हणजे सुमारे सोळाशे माणसे शेजारच्या अँटिग्वावर हलवावी लागली. बार्बुडाच्या मुलांना तिथल्या शाळांत सामावून घेण्यात आले.

अशा वेळी शाळेची इमारतच निवारा केंद्र होते. तिथे कुटुंबे राहत असतात, तोवर वर्ग भरत नाहीत. शिक्षकाच्या घराचेही छप्पर उडालेले असते. इमारत काही वर्षांत उभी राहते, पण त्या काळात नातेवाइकांकडे परदेशी गेलेला शिक्षक परतेलच असे नाही.

दर्जा मोजतात कसा?

वसाहतींच्या काळात बहुतेक बेटांवर परीक्षा इंग्लंडमधून यायच्या. कॅरिबियनमधले विद्यार्थी केंब्रिज किंवा लंडनच्या प्रश्नपत्रिका सोडवत. १९७२ मध्ये इंग्रजी भाषक कॅरिबियन देशांनी एकत्र येऊन ‘कॅरिबियन एक्झामिनेशन्स कौन्सिल’ स्थापन केली आणि १९७९ मध्ये तिची पहिली परीक्षा झाली. कॅरिबियन इतिहास, कॅरिबियन लेखक अभ्यासक्रमात आले. प्रश्नपत्रिका काढणारे आणि तपासणारेही तिथलेच शिक्षक होते. एकट्या छोट्या देशाला असे परीक्षा मंडळ परवडलेच नसते.

पॅसिफिकमध्ये २०१२ पासून चौथी आणि सहावीच्या वर्षातल्या मुलांची वाचन-लेखन आणि गणिताची सामाईक चाचणी होते. ‘पिलना’ या नावाने ती ओळखली जाते. सुमारे १५ देश आणि प्रदेश त्यात भाग घेतात आणि ती अनेक स्थानिक भाषांमध्ये घेतली जाते. आकडेमोडीत मुले बरी आहेत, पण वाचून समजून घेण्यात मागे पडतात, असे चित्र त्यातून पुढे आले आहे.

मोजमापातून अप्रिय गोष्टीही समोर येतात. जमैका शिक्षणावर आपल्या ऐपतीच्या मानाने बराच खर्च करतो. तरीही २०१९ मध्ये सहावीच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेत सुमारे एक तृतीयांश मुलांना नीट वाचता येत नव्हते आणि निम्म्याहून अधिक मुलांना नीट लिहिता येत नव्हते. समाजशास्त्रज्ञ ऑरलँडो पॅटरसन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने आपल्या अहवालात हे मांडले. त्यामुळे सगळा दोष स्थलांतरावर टाकता येत नाही. जे शिक्षक वर्गात आहेत, त्यांना वाचन शिकवण्याचे प्रशिक्षण कितपत मिळते, हा प्रश्नही तितकाच मोठा आहे.

एकत्र येऊन काय साधले?

छोट्या देशांना एकट्याने विद्यापीठ चालवणे अवघड. म्हणून त्यांनी ती वाटून घेतली. ‘युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट इंडीज’ १९४८ मध्ये जमैकात सुरू झाली. ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिक’ची स्थापना १९६८ मध्ये झाली. फिजीतल्या सुवा इथे मुख्यालय असलेले हे विद्यापीठ पॅसिफिकमधल्या १२ देशांच्या मालकीचे आहे. उपग्रहामार्फत दूरच्या बेटांवरच्या विद्यार्थ्यांशी संपर्क साधण्याचे प्रयोग त्याने सत्तरच्या दशकातच सुरू केले होते. शिक्षकाला नोकरी न सोडता, बेट न सोडता पदवी घेता येणे, हा त्याचा मोठा फायदा.

या विद्यापीठातून केवळ पदव्याच बाहेर पडल्या नाहीत. टोंगाच्या शिक्षणतज्ज्ञ आणि कवयित्री कोनाई हेलू थामन यांनी तिथे ‘काकाला’ ही संकल्पना मांडली. टोंगामध्ये काकाला म्हणजे सुगंधी फुलांचा हार. आधी फुले निवडून वेचायची, मग गुंफायची आणि शेवटी तो हार दुसऱ्याला द्यायचा. शिकणे-शिकवणेही असेच असावे, बाहेरून आलेले ज्ञान आणि आपल्या मातीतले ज्ञान निवडून गुंफावे, असे त्यांचे म्हणणे. २००१ मध्ये पॅसिफिकमधल्या शिक्षणाचा नव्याने विचार करणारी जी चळवळ सुरू झाली, तिच्या प्रमुखांत त्या होत्या. शिक्षक तयार करणारी संस्था आपल्या भागात असली, की असा विचारही आपल्या भागात होतो.

पैसा कुठे अडतो?

लहान शाळा महाग असतात. ४० मुलांच्या शाळेलाही मुख्याध्यापक, इमारत, वीज आणि बोट लागतेच. त्यामुळे एका मुलामागचा खर्च वाढतो आणि त्याचा मोठा भाग पगारावर जातो. प्रशिक्षणासाठी हातात फारसे उरत नाही.

त्यात मदतीचे निकषही आडवे येतात. दरडोई उत्पन्न वाढले, की देश ‘अल्पविकसित’ गटातून बाहेर पडतो. केप व्हर्ड २००७ मध्ये, मालदीव २०११ मध्ये, सामोआ २०१४ मध्ये आणि वानुआतू २०२० मध्ये असे बाहेर पडले. ही प्रगतीच आहे. पण त्यानंतर सवलतीची मदत आणि कर्जे मिळवणे कठीण होत जाते. एका वादळात वर्षभराच्या उत्पन्नाइतके नुकसान होऊ शकते, हे दरडोई उत्पन्नाच्या आकड्यात दिसत नाही. म्हणून या देशांनी अनेक वर्षे वेगळ्या मोजपट्टीची मागणी केली. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ‘बहुआयामी असुरक्षितता निर्देशांक’ स्वीकारला. त्याच वर्षी मे महिन्यात अँटिग्वात झालेल्या परिषदेत पुढच्या दहा वर्षांचा कार्यक्रमही ठरला. कर्ज देणाऱ्या संस्था हा निर्देशांक प्रत्यक्षात किती वापरतात, यावर पुढचे अवलंबून आहे.

पुढे काय?

शिक्षकांना जाण्यापासून रोखणे शक्य नाही आणि योग्यही नाही. शिष्यवृत्तीसोबत काही वर्षे देशात नोकरी करण्याचा बॉन्ड अनेक ठिकाणी असतो. तो काही काळ उपयोगी पडतो, पण मुदत संपली की प्रश्न तिथेच येतो.

त्यापेक्षा टिकाऊ ठरलेले उपाय वर आलेच आहेत. लांबच्या बेटावरच्या तरुणाला तिथेच राहून प्रशिक्षण मिळाले, तर तो तिथे राहण्याची शक्यता वाढते. मुलांची भाषा बोलणारा शिक्षक देशातच तयार झाला, तर दर तीन वर्षांनी नवा शोधावा लागत नाही. परीक्षा मंडळ, विद्यापीठ, अभ्यास साहित्य यांचा खर्च शेजारी देशांनी वाटून घेतला, तर लहान देशालाही दर्जा परवडतो.

एक हिशेब मात्र बाकी आहे. शिक्षिका घडवण्याचा खर्च तिच्या छोट्या देशाने केलेला असतो. तिचा फायदा न्यूयॉर्क, लंडन किंवा ऑकलंडच्या वर्गाला मिळतो. २००४ च्या संहितेने मोबदल्याचा नुसता विचार करायला सांगितले होते. श्रीमंत देशांतही शिक्षक कमी पडत असताना ही मागणी वाढतच जाणार. एक शिक्षक नेला, तर त्याच्या जागी दुसरा घडवण्याचा खर्च नेणाऱ्याने उचलावा, इतका साधा नियम जरी रुजला, तरी ‘४.बी’ आणि ‘४.सी’ ही दोन कलमे एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढणे थोडे थांबेल.